अल्पमतातील सरकार आणि लहान पक्ष : सांगलीतील एका अभ्यासवर्गाविषयी अभिप्राय

सांगलीतील एका वाचनालयाने सलग तीन रविवारी 'अल्पमतातील सरकार आणि लहान पक्ष' या विषयावर अभ्यासवर्ग घेतला. शुल्क ६०० रुपये आणि वेळ सकाळी १० ते १ अशी होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. बहुमताचे गणित कितीही वेळा फळ्यावर मांडले तरी मुलांच्या गळी उतरत नाही, या अडचणीपोटी मी नाव नोंदवले होते.

पहिल्या रविवारचा पहिला तास इतका उत्तम झाला, की शुल्क तेवढ्यातच वसूल झाले असे मला वाटते. व्याख्यात्यांनी टेबलावर ५० चिंचोके मांडले आणि २३, १९, ५ व ३ अशा चार राशी केल्या. बहुमताला २६ हवेत. १९ चिंचोक्यांच्या पक्षाची ताकद ३ वाल्यांच्या किती पट, असे त्यांनी विचारले, तेव्हा बहुतेकांनी सहापट असेच उत्तर दिले. मग एकेक रास सरकवत त्यांनी दाखवले, की २३ च्या पक्षाला उरलेल्यांपैकी कोणीही एक जण पुरतो आणि त्याला बाहेर ठेवायचे तर बाकीच्या तिघांनाही एकत्र यावेच लागते. म्हणजे सरकार बनवण्याच्या कामी १९ ची आणि ३ ची किंमत सारखीच. त्यातही १९ चा पक्ष मुख्य प्रतिस्पर्धी असल्याने तो २३ वाल्यांशी सहसा हातमिळवणी करणार नाही, त्यामुळे तीन चिंचोक्यांची रास व्यवहारात अधिकच भारी पडते. शेवटी त्यांनी १९ मधले तीन चिंचोके उचलून २३ मध्ये टाकले आणि दोन्ही लहान राशींचे महत्त्व तिथल्या तिथे संपले. वर्गात काही क्षण कोणीच बोलले नाही.

दुसऱ्या रविवारी तेच चिंचोके गैरहजेरीचे बळ समजावून सांगण्यासाठी वापरले गेले. घटनेच्या १०० व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहातील निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतात. पाच जणांनी सभात्याग केला की ४५ उरतात आणि २३ विरुद्ध २२ असे सरकार तरते. पाठिंबा दिल्याचा ठपका मात्र त्या पाचांवर येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीवर लोकसभेत मतदान झाले, तेव्हा समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष यांनी नेमके हेच केले होते.

पाठिंबा काढून घेण्याच्या अस्त्राविषयी झालेली चर्चा मला सर्वांत मोलाची वाटली. १९९९ मध्ये अण्णाद्रमुकच्या १८ खासदारांनी पाठिंबा काढला आणि १७ एप्रिलला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. २००४ नंतर डाव्या पक्षांनी मनमोहन सिंग सरकारला मंत्रिपदे न घेता बाहेरून पाठिंबा दिला. किमान समान कार्यक्रमामुळे त्यांच्या शब्दाला वजन आले आणि २००५ मध्ये रोजगार हमीचा केंद्रीय कायदा झाला, त्यात त्यांच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. पुढे अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून त्यांनी पाठिंबा काढला, परंतु समाजवादी पक्ष सरकारच्या मदतीला धावला आणि २२ जुलै २००८ रोजी सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास जिंकला. पर्यायी रास उपलब्ध असली की धमकीची धार जाते, हे चिंचोके पाहिलेल्या श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाने अवघ्या १० खासदारांच्या बळावर अल्पमतातील सरकारला पाठिंबा देताना आपल्या प्रदेशासाठी सुमारे १०० कोटी पौंडांचा जादा निधी लेखी करारात मिळवला, आणि कॅनडात अल्पमतातील सरकारशी झालेल्या २०२२ च्या समझोत्यातून एनडीपी या लहान पक्षाने दंतोपचाराची सरकारी योजना पदरात पाडून घेतली. मोघम आश्वासनावर विसंबण्यापेक्षा एकच ठोस मागणी कागदावर आणावी, हा या दोन्ही उदाहरणांतील समान धागा व्याख्यात्यांनी नेमका पकडला.

आता उणिवा. छापील टिपणांत नरसिंह राव सरकारविरुद्धच्या १९९३ च्या अविश्वास प्रस्तावाच्या वेळच्या लाचखोरीच्या प्रकरणावर, लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना खटल्यापासून संरक्षण देणारा १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला आहे. तो निकाल मार्च २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने रद्द ठरवला आणि लाच घेऊन मत देणाऱ्या लोकप्रतिनिधीला संरक्षण उरले नाही, याचा मात्र उल्लेखच नाही. सभागृहातील मत विकले जाणे हा लहान पक्षांपुढचा सर्वांत मोठा धोका असताना ही चूक किरकोळ मानता येत नाही. पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपात्र न ठरता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे तर दोन तृतीयांश आमदार लागतात. तीन आमदारांच्या पक्षात ही अट दोघांनीच पूर्ण होते, त्यामुळे टिपणांतील हे पान तरी अद्ययावत हवेच होते.

दुसरी तक्रार मी अधिक कळकळीने करते. महाराष्ट्राला तिसऱ्या रविवारी जेमतेम २० मिनिटे मिळाली. १९७८ मध्ये वसंतदादांचे सरकार पडून शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचे सरकार आले, त्यात शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षातून आपल्याच वाळवा तालुक्यातील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले. पुढच्याच वर्षी देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण लोकसभेत मोरारजी सरकारविरुद्ध अविश्वास प्रस्ताव मांडतात आणि चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान होतात. इंदिरा गांधींची काँग्रेस (आय) पाठिंबा काढून घेते आणि ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा देते. सांगलीत बसून हा विषय शिकवताना इतकी जवळची उदाहरणे दोन वाक्यांत उरकणे मला पटले नाही.

मी ही तक्रार संयोजकांना लेखी कळवली आणि त्यांनी पुढच्या वर्गात यासाठी अख्खा एक तास राखून ठेवण्याचे मान्य केले आहे. त्या वर्गासाठी माझ्या दोन विद्यार्थिनींची नावे मी नोंदवली असून टिपणांतील ते पान दुरुस्त झाले आहे की नाही, हे मी त्यांच्याकडून आवर्जून पाहून घेणार आहे.