मॅनेजरला नारळ द्यायचा की आणखी एक हंगाम?

गेल्या शनिवारी भाच्याचा मेसेज आला. ‘मामा, ग्रुपवर मतदान लागलंय. राहू द्या की नारळ द्या? मला काही कळेना.’

भाचा एकोणीस वर्षांचा. फुटबॉलचा क्लब धरून जेमतेम दोन हंगाम झालेत. आमच्या ग्रुपवर वीस-बावीस जण आहेत आणि एकच मॅच बघून निम्मे ‘थांबा की बे जरा’ म्हणतात, निम्मे ‘पाठवा बे त्याला घरी’. पूर्वी हे भांडण सोलापूरच्या पार्क चौकात चहाच्या गाड्यावर व्हायचं, आता फोनवर होतं. तेव्हा निदान चहा तरी मिळायचा.

एका ओळीत उत्तर देता येईना म्हणून हे लिहायला बसलो. प्रश्न कोणत्या क्लबच्या मॅनेजरचा, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचा, आहे ते मुद्दामच सांगत नाही. ऑक्टोबर उजाडला की ग्रुपमधल्या कुणा ना कुणावर ही पाळी येतेच. फक्त माझा कल आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तेवढा वजा करता येईल. मी मँचेस्टर युनायटेडवाला. 26 मे 1999 च्या रात्री बार्सिलोनात बायर्न म्युनिकविरुद्ध अगदी शेवटच्या भरपाई वेळेत दोन गोल झाले, तेव्हा मावशीच्या घरी आवाज बंद करून टीव्ही बघत होतो. नंतर मावशी का उठली ते सांगायला नको.

कप आला, लीगमध्ये बुडालो

सगळ्यांत अवघड प्रसंग हाच. सगळंच हरणाऱ्या मॅनेजरबद्दल कुणी भांडत नाही, त्याचा निकाल आपोआप लागतो. भांडण लागतं ते एका हातात करंडक आणि दुसऱ्या हातात लाजिरवाणा तक्ता असला की. एक वर्षाच्या अंतराने दोन क्लबांवर नेमकी हीच वेळ आली, आणि दोघांनी बरोबर उलट निर्णय घेतले.

पहिला युनायटेड. 2023-24 च्या हंगामात लीगमध्ये आठवा क्रमांक, प्रीमियर लीग (इंग्लंडची सर्वांत वरची लीग) सुरू झाल्यापासूनचा तोवरचा सर्वांत खालचा. पण 25 मे 2024 ला वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला 2-1 हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकली. मॅनेजर एरिक टेन हाग. क्लबने आढावा घेतला, इतरांचा विचार केला आणि शेवटी त्यालाच ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, जुलैत करार 2026 पर्यंत वाढवला. आयाक्स क्लबात त्याच्याच हाताखाली खेळलेले डे लिख्त आणि मझरावी विकत आणून दिले. आणि 28 ऑक्टोबरला नारळ. लीगचे नऊ सामने, तीन विजय, चौदावा क्रमांक.

दुसरा टॉटनहॅम. 2024-25 मध्ये लीगचे 38 पैकी 22 सामने हरले आणि सतराव्या क्रमांकावर अडकले. शेवटचे तिघे खालच्या विभागात जातात, म्हणजे एक पायरी खाली सरकले असते तर थेट तिकडे. पण 21 मे 2025 ला बिल्बाओत युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची, फायनल 1-0 ने जिंकली. 2008 नंतरचा क्लबचा पहिला करंडक, सोबत चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचं तिकीट. मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू हंगामाच्या सुरुवातीलाच म्हणाला होता की दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो, आणि त्याने ते खरं करून दाखवलं. सोळा दिवसांनी त्याला काढलं.

त्या फायनलमध्ये हरलेला संघ आमचाच. रात्री साडेबाराला मॅच सुरू, सोलापूरचा मे महिना, पंख्याखाली बनियन ओलं, आणि समोर सतराव्या क्रमांकाचा संघ सोळाव्या क्रमांकाच्या संघाला हरवतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याची पाळी होती, तेव्हा झोपायचा प्रश्नच नव्हता.

दोन्ही निर्णय शेजारी मांडले तर मला टॉटनहॅमचा निर्दय वाटतो, पण सरळ वाटतो. त्यांनी 38 सामन्यांवर विश्वास ठेवला, एका रात्रीवर नाही. वर निर्णय जूनमध्ये घेतला, म्हणजे नव्या माणसाला सराव आणि खरेदीला पूर्ण उन्हाळा मिळाला. युनायटेडने ना धड ठेवलं, ना धड काढलं. मेमध्ये मनातून उतरलेल्या माणसाला त्याच्या पसंतीची माणसं आणून दिली आणि पीक हाती यायच्या आत शेत दुसऱ्याला कसायला दिलं. नुसती भरपाईच कोटभर पौंडांच्या वर गेली. नंतर आलेला रूबेन अमोरिम मागे तीन बचावपटू ठेवून खेळणारा, आणि संघ बांधलेला चार ठेवून खेळणाऱ्याने. हंगाम संपला तेव्हा पंधरावा क्रमांक, 42 गुण. 1974 ला खालच्या विभागात गेल्यानंतर इतकी घसरण झाली नव्हती.

माझा एक मित्र पूर्व भागातला, घरचे यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. त्याला फुटबॉलमधलं ऑफसाईडसुद्धा कळत नाही. ही सगळी कथा ऐकून तो म्हणाला, “बीमवर ताणा चढलाय, जॅकार्डला मोराचं डिझाईन लागलंय. आता विणणारा बदलला म्हणून टॉवेलवर हत्ती येणाराय का?”

मी विचारलं, आणि विणणाराच वाईट असला तर? “मग बदलायलाच पाहिजे की. पण दुसरा दारात उभा असला पाहिजे. माग बंद ठेवून माणूस शोधत फिरायचं नसतं.”

‘नारळ द्या’वाल्यांचं खरं बळ

हे बळ रागात नाही, दारात उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या माणसात आहे. चेल्सी बघा. जानेवारी 2021, संघ नवव्या क्रमांकावर. मॅनेजर लॅम्पार्ड म्हणजे क्लबचा एकेकाळचा लाडका खेळाडू, तरी त्याला काढलं. थॉमस टुखेलला पॅरिसच्या क्लबने महिन्याभरापूर्वीच मोकळं केलं होतं. तो आला, तेच खेळाडू घेतले, मागे तीन बचावपटू उभे केले, आणि 29 मे ला पोर्तोत सिटीला 1-0 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. चार महिने फक्त.

लिव्हरपूलचंही तसंच. ऑक्टोबर 2015 मध्ये रॉजर्सला काढलं आणि चार दिवसांत क्लॉप हजर. जर्मनीतला डॉर्टमुंड क्लब सोडून तो सुट्टीवर होता. पहिल्या हंगामात आठवा क्रमांक आणि दोन फायनलमध्ये हार. 2019 ला चॅम्पियन्स लीग, 2020 ला लीग. म्हणजे तिथे नारळही लागला आणि धीरही लागला. आमच्या ग्रुपवर लोक हे दोन पक्ष असल्यासारखे बोलतात, लिव्हरपूलने दोन्ही एकापाठोपाठ केलं.

आता त्याच चेल्सीची दुसरी बाजू. नवे मालक आले, सप्टेंबर 2022 मध्ये टुखेललाच काढलं, ब्रायटनला मोठी भरपाई देऊन ग्रॅहम पॉटर आणला, खेळाडूंची अक्षरशः जत्रा भरवली, गड्डा यात्रेत पाळण्यासाठी असते तशी संघात जागेसाठी रांग. एप्रिलमध्ये पॉटरही गेला. उरलेल्या सामन्यांसाठी कोण आलं? लॅम्पार्ड! ज्याला हटवून टुखेल आणला होता, तोच. बारावा क्रमांक. क्लब तोच आणि कोयताही तोच. फरक एवढाच की पहिल्या वेळी हातातल्या संघाला शोभेल असा माणूस मोकळा होता.

‘राहू द्या’वाल्यांचा फर्ग्युसन

धीर धरा म्हणणारा प्रत्येक जण युनायटेडच्या फर्ग्युसनचं नाव घेतो, मीही वर्षानुवर्षं घेतलं. नोव्हेंबर 1986 ला आला, 1989-90 मध्ये लीगमध्ये तेरावा होता, ‘तीन वर्षं सबबी झाल्या’ असा फलक प्रेक्षकांनी ओल्ड ट्रॅफर्डवर फडकवला. मग 1990 चा एफए कप, 1993 ची लीग, आणि 2013 ला निवृत्त झाला तेव्हा 13 लीग विजेतेपदं. सगळं खरं. पण हा दाखला मी आता देत नाही. धीर धरून वाया गेलेल्या मॅनेजरांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून फर्ग्युसन एकटाच उठून दिसतो. लॉटरी लागलेल्याचाच फोटो पेपरात येतो, तसं.

मला जास्त उपयोगी वाटतो आर्टेटा. डिसेंबर 2019 ला आर्सेनलला आला. पहिल्याच हंगामात एफए कप, पण लीगमध्ये लागोपाठ दोनदा आठवा. ऑगस्ट 2021 मध्ये पहिले तीन सामने: ब्रेंटफर्डकडून 0-2, चेल्सीकडून 0-2, सिटीकडून 0-5. तक्त्यात तळाला, विसावा. आमच्या ग्रुपचा आर्सेनलवाला तेव्हा दोन आठवडे गायबच होता. तरी क्लबने ठेवलं. त्या हंगामात पाचवा, मग 2023, 2024 आणि 2025 मध्ये लागोपाठ तीनदा दुसरा.

त्या ऑगस्टमध्ये क्लबला असं काय दिसलं असेल? निकाल तर सगळे विरोधात होते. पण खरेदी बघा: ओडेगार्ड, बेन व्हाईट, रॅम्सडेल, तोमियासू, सगळे तेवीस वर्षांच्या आतबाहेरचे, सगळे एकाच पद्धतीच्या खेळासाठी घेतलेले. पुढे शिस्तीवरून खुद्द कप्तान ऑबामेयांगचं कप्तानपद काढलं आणि क्लब मॅनेजरच्या पाठीशी उभा राहिला. हरत होते, पण काय विणायचंय ते ठरलेलं होतं. टेन हागच्या दुसऱ्या वर्षी मला ते कधी दिसलं नाही. मधली फळी उघडी, समोरचा संघ धावत येतोय, दर आठवड्याला तेच भोक.

अतिधीराचं उदाहरणही आर्सेनलचंच. वेंगरने शेवटची लीग 2004 ला जिंकली, तीही एकही सामना न हरता, आणि गेला 2018 ला. शेवटच्या वर्षांत ‘वेंगर, जा’ म्हणणारे त्याचेच भक्त होते. हे बघून वाईट वाटलं होतं, माझा क्लब नसूनही.

नवा आला की जिंकतात, त्याचं काय?

मे महिन्यात पारा 44 वर गेला आणि कुणी होम केला, तर दोन दिवसांनी 41 होतो. होम केला नसता तरी झाला असता. लागोपाठ सहा हरलेल्या संघाचंही बरेचदा तसंच असतं. चेंडू खांबाला लागत होते ते आत जायला लागतात आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं.

हे ओळखायला ‘अपेक्षित गोल’ हा आकडा बरा पडतो. प्रत्येक फटका किती वेळा गोल ठरतो यावरून त्याची किंमत धरतात, पेनल्टीची साधारण 0.76 ते 0.79. संघ हरतोय पण या हिशेबात समोरच्यापेक्षा पुढे आहे, तर थांबायला हरकत नाही. जिंकतोय पण दर मॅचला मागे आहे, तर विजयातही सावध राहा. भाच्या, हा आकडा एका मॅचचा बघू नकोस, दहा-बारा मॅचचा बघ.

लेस्टरचं मात्र या चौकटीत बसत नाही. 2016 ला रानिएरीने त्यांना लीग जिंकून दिली, नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी 2017 ला, त्याला काढलं. जगभर लोक हळहळले, मीही. पण क्लब तेव्हा खालच्या विभागात जायच्या उंबरठ्यावर होता. सहायक शेक्सपिअरने सूत्रं घेतली, लीगचे पहिले पाचही सामने जिंकले, बाराव्या क्रमांकावर संपवलं. उपकार विसरले असं म्हणू शकतो, चुकलं असं म्हणवत नाही.

पैशाबद्दल फार लिहीत नाही, तो आपल्या खिशातून जात नाही. तरी करार किती वर्षं बाकी आहे ते बघून ओरडावं. आपल्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक स्टिमाच याला जून 2024 मध्ये करार बाकी असताना काढलं, आणि पुढे फुटबॉलपेक्षा भरपाईचीच चर्चा झाली.

आणि केव्हा?

काढायचंच असेल तर जून सगळ्यांत बरा. नंतर देशांच्या सामन्यांसाठी लीग थांबते ते दोन आठवडे. जानेवारीत खरेदीची खिडकी असते, पण हंगामाच्या मध्यावर चांगला खेळाडू सोडायला कुणी तयार नसतो. एप्रिलमध्ये फक्त बुडणाऱ्यांनी काढावं.

भाच्याला मी मत कुणाला दे हे सांगितलं नाही. दहा मॅचमध्ये एकच भोक परत परत दिसतंय का ते बघ म्हटलं, आणि ‘नारळ द्या’वाल्यांना ग्रुपवर एवढंच विचार: पुढचा कोण? त्याने विचारलं. तासाभरात अकरा नावं आली. सात जण दुसऱ्या क्लबला बांधलेले, एक निवृत्त, एकाचं नाव तिघांनी तीन तऱ्हेने लिहिलेलं. उरलेले दोघे मोकळे होते खरे. त्यांना गेल्या दोन वर्षांत आमच्याच ग्रुपने मतदान करून घरी पाठवलं होतं.