मक्याचा बेसल डोस: फोकायचा की पेरायचा?

मृगाचा पाऊस होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या येवला-चांदवड पट्ट्यात खताच्या दुकानासमोर एकच चर्चा असते, ती बेसल डोसची, म्हणजे पेरणीच्या वेळी द्यायच्या खताची. १०:२६:२६ घ्यायचं, १२:३२:१६ घ्यायचं (आकडे म्हणजे खतातलं नत्र, स्फुरद, पालाश यांचं शेकडा प्रमाण) की नत्र-स्फुरदाचं डीएपी. ते खत जमिनीत नेमकं कुठे पडणार, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते मक्याच्या पहिल्या महिन्यात खताच्या नावापेक्षा त्याच्या जागेने जास्त फरक पडतो. मी दोन्ही पद्धतींनी मका केलेला आहे. एक, खत फोकून, म्हणजे हाताने रानभर फेकून, रोटाव्हेटर मारायचा आणि मागून मजुरांकडून टोकण करून घ्यायची, म्हणजे एकेक बी हाताने लावून घ्यायचं. दुसरी, दोन पेट्यांच्या पेरणी यंत्राने बी आणि खत एकाच फेरीत, पण वेगवेगळ्या फणांतून (माती फाडणाऱ्या दात्यांतून) पेरायचं. यंदा यातलं काय करावं या विचारात असाल, तर माझ्या रानाचा अनुभव सांगतो.

फोकणीची बाजू आधी. दोन माणसं लागली की सकाळच्या पारी एकरभर खत सहज पडतं, यंत्रवाल्याच्या नंबराची वाट बघावी लागत नाही. टोकणीचं बी अंतर धरून पडतं. साध्या पेरणी यंत्राला ते तितकं साधत नाही, कुठे दोन दाणे तर कुठे नांगा. शेणखत भरपूर असेल, रान स्वच्छ असेल आणि घरची माणसं असतील तर फोकणीवरही मका चांगला येतो. असे प्लॉट आमच्याच शिवारात आहेत.

खताचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० धरली तर एकराला ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश बसतं. १०:२६:२६ च्या पन्नास किलोच्या दोन गोण्यांत १० किलो नत्र आणि २६-२६ किलो स्फुरद-पालाश येतं. म्हणजे स्फुरद आणि पालाश पेरणीलाच भागतं, आणि नत्राचा राहिलेला भाग पुढे युरियातून हप्त्याने देता येतो.

आता जागेचा मुद्दा. नत्र पाण्याबरोबर हलतं, स्फुरद पडल्या जागेवरून फार हलत नाही. मुळाने त्याच्यापर्यंत जावं लागतं. त्यात आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत चुना स्फुरदाला धरून ठेवतो. खत जितकं पसरून मातीत कालवाल, तितका त्याचा मातीशी संबंध जास्त आणि तितकं ते लवकर अडकतं. पट्ट्यात एकत्र पडलं की हे कमी होतं. म्हणून खत बियाच्या एका बाजूला पाच सेंटिमीटर आणि बियापेक्षा पाच सेंटिमीटर खोल टाकायला सांगतात. जुनी दोन चाड्याची पाभर (बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार) थोडंफार हेच करत होती.

हे पाहायचं असेल तर मका तीन-चार पानांवर असताना एक रोप खुरप्याने ढेकळासकट उचला आणि माती हलक्या हाताने झाडा. पेरलेल्या खताच्या रानात एका बाजूची मुळं तिरपी खाली गेलेली दिसतात. जिथे खताचा पट्टा आहे, तिथे बारीक पांढऱ्या मुळांचा दाट झुबका असतो, दुसऱ्या बाजूला तसा नसतो. फोकलेल्या रानातलं रोप उपटलं तर मुळं सगळीकडे सारखीच विरळ. पानांतही थोडा फरक जाणवतो. जून-जुलैत झड लागून जमीन गार आणि ओली राहिली की मक्याच्या खालच्या पानांच्या कडा जांभळट पडतात. माझ्याकडे पेरलेल्या खतावर हे कमी दिसलं.

पण फोकणी मी सोडली ती जांभळ्या पानांमुळे नाही. ती तणामुळे.

मक्याच्या दोन ओळींत दोन फुटांच्या आसपास अंतर. पहिले पंधरा-वीस दिवस रोपाची मुळं ओळीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा धरतात. मधल्या मोकळ्या पट्ट्यातलं खत तेवढे दिवस कोणाच्या कामाचं? तिथे केना आहे, शिप्पी आहे, तांदुळजा आहे, लव्हाळा तर आहेच. महागाची गोणी आपण आणायची आणि त्यावर हिरवागार केना वाढताना बघायचा, याचा मला फार त्रास व्हायचा. वाढतो तोही नेमका नको त्या वेळी. जुलैत टोमॅटोची लागवड जोरात असते, सोयाबीनची निंदणी असते, निफाड-दिंडोरीकडे मजुरांच्या गाड्या भरून जातात. आपल्याला खुरपणीला बाया मिळतात त्या आठवडाभर उशिरा, तोवर तण मक्याच्या गुडघ्याला लागलेलं. कोळपं (ओळींमधलं तण कापायचं अवजार) मारावं तर झडीत काळं रान आत पाऊल ठेवू देत नाही.

कोणी म्हणेल, तणनाशक आहे की. आहे. पण मक्यामागे त्याच रानात कांदा घ्यायचा असतो आणि ॲट्राझीन या मक्यातल्या तणनाशकाचा अंश जमिनीत राहिला तर कांदा ते सोसत नाही. त्यामुळे तिथे माझा हात आखडता राहतो. तुमच्याकडे मागे कांदा नसेल तर हा मुद्दा तुम्हाला माझ्याइतका टोचणार नाही, हे मान्य.

खत पेरायला लागल्यावर तण येणं थांबलं असं मी म्हणणार नाही. रानात बी आहे तोवर ते येणारच. पण ओळींमधलं तण फिक्कट, किरकोळ राहतं आणि वाफसा मिळाला की एका कोळपणीत उरकतं. ओळीतलं तेवढं हाताने काढावं लागतं. मी काही तोलून-मापून ठेवलेलं नाही, पण खुरपणीच्या मजुरीतला फरक मला दरसाल जाणवतो.

आमच्या भागात पावसाचा खंड ठरलेलाच. तेव्हाही पेरलेलं खत उजवं वाटतं. वरची दोन-तीन बोटं माती सुकली की तिच्यातलं खत असून नसल्यासारखं. खालच्या पट्ट्याला ओल जास्त दिवस टिकते.

यंत्राचा त्रासही आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. दाणेदार खत दमट हवेत ओल धरतं. गोणी आदल्या दिवशी फोडून ठेवली की गोळे होतात, पेटीच्या तळाशी लगदा बसतो आणि एखादी नळी चोंदते. ट्रॅक्टरवाल्याला पुढे बसून ते कळत नाही. ती ओळ पुढे महिनाभर पिवळट राहते आणि सगळ्या शिवाराला दिसते. म्हणून गोणी बांधावरच फोडायची, गोळे हाताने चुरायचे आणि एक माणूस यंत्रामागे चालवायचा, ज्याचं लक्ष फक्त खताच्या नळ्यांवर असेल. पेटीत रात्रभर खत ठेवायचं नाही. सुरुवातीला यंत्राचं चाक उचलून हाताने फिरवावं, नळ्यांखाली पोती धरावीत आणि प्रत्येक नळीतून सारखं खत पडतं का ते बघावं. एवढं केलं तर ही कटकट पेरणीच्या दिवसापुरती राहते. तणाची महिनाभर पुरते.

भाड्याने यंत्र सांगताना एक गोष्ट आधीच विचारा: खताचा फण वेगळा आहे का? बऱ्याच यंत्रांना पेट्या दोन असतात, पण दोन्ही नळ्या खाली एकाच फणात उतरतात आणि खत थेट बियावर पडतं. १०:२६:२६ च्या दोन गोण्या अशा बियालगत पडल्या आणि मागून पावसाने ओढ दिली तर खताचा खार उगवण खातो. डीएपीत अमोनियाचा धोका वेगळाच. सोयाबीन तर मक्याहून नाजूक, त्याला खत बियाला लागूच द्यायचं नाही. असंच यंत्र मिळत असेल तर त्यातून फक्त बी पेरा आणि खत उगवणीनंतर ओळीच्या बाजूला काकरी पाडून मातीआड करा. मजुरी थोडी वाढेल, पण तरीही मी फोकणीकडे परत वळणार नाही.