एआय सर्चसाठी दुकानाची वेबसाईट बदलली, त्याचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव (सांगली, हळद-बेदाणा)

आमचं सांगलीत हळद आणि बेदाण्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी म्हणजे आबांनी सुरू केलेलं, आणि वेबसाईट मी बघते. पुण्या-मुंबईचे लोक सर्च करून साईटवर यायचे, वाचायचे, मग व्हॉट्सअ‍ॅपला ऑर्डर टाकायचे, चांगलं चाललं होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये भारतात गुगल सर्चला वरच्या वर एआयचं तयार उत्तर दिसायला लागलं, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर चॅटजीपीटीतही सर्च आलं, आणि बघता बघता लोकांची शोधायची सवयच बदलली. गिऱ्हाईक फोनवर सांगायचं की एआयला विचारलं, त्यानं सांगलीची हळद घ्या म्हणून सांगितलं, आणि पुढं दुकानाची जी दोन-तीन नावं यायची त्यात आम्ही नसायचो. मन लागेना. म्हणून आठ महिन्यांपूर्वी सगळी साईट हातात घेतली.

पहिले तीन महिने वाया गेले हे आधीच सांगते, म्हणजे तुमचे तरी वाचतील. एका एजन्सीचं "एआय पॅकेज" घेतलं होतं. त्यांनी चाळीस लेख टाकून दिले, सगळे हळदीचे फायदे छापाचे, त्यात हळदीनं अमुक रोग बरा होतो असली वाक्यं, जी आबा दुकानात कुणाला कधी म्हणणार नाहीत. सोबत एक एलएलएमएस डॉट टीएक्सटी नावाची फाईल (साईटवर काय आहे ते एआयला सांगणारी) आणि प्रश्नोत्तरांचा स्कीमा, म्हणजे पानावर प्रश्न कुठला, उत्तर कुठलं हे सर्चला सांगणारा कोड. आता ही फाईल म्हणजे 2024 मध्ये कुणीतरी सुचवलेली एक पद्धत आहे, गुगलच्या लोकांनी आम्ही ती वापरत नाही असं उघड सांगितलंय, आणि आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये (साईटवर कोण आलं-गेलं त्याची नोंद) ती फाईल वाचायला कुणी आल्याचं मला दिसलं नाही. प्रश्नोत्तरांचा स्कीमा तर गुगलनं ऑगस्ट 2023 पासूनच सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साईट सोडून बाकीच्यांना रिझल्टमध्ये दाखवणं जवळपास बंद केलंय. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात सरळ लिहिलंय की एआयच्या उत्तरात येण्यासाठी वेगळा कोड काही लागत नाही, पान इंडेक्स झालेलं, म्हणजे गुगलच्या यादीत नोंदलेलं पाहिजे आणि त्यातला मजकूर तुकडा म्हणून दाखवायला परवानगी पाहिजे, बस. चाळीसच्या चाळीस लेख मी डिलीट केले. त्या दिवशी बरं वाटलं.

त्यानंतर सापडलं ते खरं दुखणं. होस्टिंगच्या सिक्युरिटीत एक बटण चालू होतं, त्यामुळं एआयचे सगळे बॉट, म्हणजे साईट वाचत फिरणारे प्रोग्राम, दारातूनच परत जात होते! म्हणजे आम्ही आत कितीही सजवलं तरी वाचणार कोण. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळे बॉट एक नसतात. ओपनएआय म्हणजे चॅटजीपीटीवाली कंपनी, तिचा जीपीटीबॉट एआयचं मॉडेल शिकवायला मजकूर नेतो आणि ओएआय-सर्चबॉट सर्चसाठी, त्यामुळं आपलं लिखाण ट्रेनिंगला जाऊ नये पण सर्चमध्ये यावं असं वाटत असेल तर रोबोट्स फाईलमध्ये (कुठल्या बॉटला आत सोडायचं ते सांगणारी साईटवरची फाईल) एकाला बंदी आणि दुसऱ्याला परवानगी देता येते. गुगल-एक्स्टेंडेड, म्हणजे गुगलला आपला मजकूर एआयसाठी वापरू द्यायचा का नाही ते सांगायची त्याच फाईलमधली सोय, बंद केलं तरी गुगल सर्चवर परिणाम होत नाही. मी सगळंच चालू ठेवलंय, तुमचं तुम्ही ठरवा. बिंग (मायक्रोसॉफ्टचं सर्च) वेबमास्टर टूल्सवर पण साईट जोडून टाका, फुकट आहे, चॅटजीपीटीचं सर्च बिंगचाही आधार घेतं.

दुसरं म्हणजे आमची भावाची यादी फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेला फोटो होता, आणि हळदीच्या प्रकारांची माहिती बटण दाबल्यावर उघडायची, जावास्क्रिप्टवर. ओपनएआयचे बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यांच्यासाठी ते पान कोरं. सगळं साध्या अक्षरात पानावर आणलं. दोन संध्याकाळचं काम.

पण खरा फरक पडला तो वहीमुळं. दुकानात फोनजवळ एक वही ठेवली आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दात लिहायला लागले. हळकुंड घरी दळलं तर चालतं का, हिरवा बेदाणा आणि पिवळा बेदाणा वेगळा का, राजापुरी आणि सेलम या हळदीच्या जातींत फरक काय, एवढी महाग का. दोन महिन्यांत वही भरली. एकेक प्रश्न म्हणजे एकेक मथळा केला आणि मथळ्याखाली पहिल्याच ओळीत उत्तर, फापटपसारा नंतर. उदाहरणार्थ महाग का याचं उत्तर: साधारण पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली की एक किलो वाळकी हळद हातात येते, आणि पीक आठ-नऊ महिने रानात असतं. बेदाण्याचं तसंच, चार किलो द्राक्षांचा एक किलो. आधी आमच्या पानावर "दर्जेदार, शुद्ध, विश्वासाची परंपरा" असं होतं, ते माणूसही वाचत नाही आणि यंत्राला त्यातून उचलण्यासारखं काही मिळत नाही.

यावर संशोधनही झालंय. प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्लीच्या लोकांसह काहींनी 2023 च्या शेवटी एक पेपर काढला, त्यात असंच निघालं की आकडे, संदर्भ, जाणकाराचं थेट म्हणणं घातलं की एआयच्या उत्तरात पान जास्त दिसतं, आणि एकच कीवर्ड कोंबत राहिलं तर फायदा होत नाही. मला हे वाचायच्या आधीच वहीतून कळलं होतं, पण वाचून धीर आला.

जाणकाराचं म्हणणं म्हणजे आमच्याकडं आबा. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायचे ते त्यांनी लहानपणी बघितलंय, तोंड अरुंद, आत पोट मोठं, हवा नाही म्हणून कीड नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे, आधी कंदील सोडून बघायचे. 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली. हे मी त्यांच्याच बोलीत लिहिलं, आणि मराठीतून पेवाबद्दल विचारलं की आता चार वेळात तीनदा तरी आमचं पान खाली लिंकमध्ये दिसतं. इंग्रजीतून विचारलं तर नाही, तिथं मोठे पोर्टल आधी येतात. मराठीत लिहिलेलंच कमी आहे, म्हणून जो लिहील त्याला जागा मिळते असं माझं स्पष्ट मत झालंय.

याचीच दुसरी बाजू मला फार लागली. भौगोलिक मानांकनाच्या (जीआय, माल त्या भागाचाच असल्याची सरकारी ओळख) पानावर मी घाईत हळद आणि बेदाणा दोघांचं वर्ष 2018 लिहिलं होतं. हळदीचं 2018 बरोबर आहे, बेदाण्याला ते 2016 मध्येच मिळालंय. एका एआय चॅटनं आमची चूक जशीच्या तशी उत्तरात सांगितली, खाली आमची लिंक. पुण्याच्या एका विद्यार्थिनीनं प्रोजेक्टमध्ये तेच लिहिलं आणि तिच्या सरांनी पकडलं, मग तिनं मला मेसेज केला, अगदी नम्रपणे. मला रात्री झोप आली नाही. पान लगेच दुरुस्त केलं तरी जुनं उत्तर पुढचे काही आठवडे येतच राहिलं. तेव्हापासून प्रत्येक आकडा दोन ठिकाणी ताडून बघते आणि प्रत्येक पानावर दुरुस्तीची तारीख टाकते. भावाच्या पानावर तर तारीख लागतेच, नाहीतर गिऱ्हाईक तीन वर्षांपूर्वीचा भाव घेऊन भांडायला येतं, आणि त्याची चूक नसते.

मोजायचं कसं हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे सर्चमधून साईटवर किती लोक आले ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, एआयच्या उत्तरातून आलेले लोक वेगळे दिसत नाहीत, सगळे एकूण वेब सर्चमध्ये धरलेले असतात. म्हणून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरलेले बारा प्रश्न तीन चॅटना विचारते आणि आमचं पान आलं का नाही ते लिहून ठेवते. सकाळी विचारलं तर येतं, संध्याकाळी नाही, असंही होतं, त्यामुळं एका उत्तरावर खूश होऊ नका आणि घाबरू पण नका. शिवाय फोनवर प्रत्येकाला विचारते, आमचं नाव कुठं कळलं.

आजची स्थिती अशी की साईटवर येणारी माणसं आधीपेक्षा कमीच आहेत, ते भरून आलेलं नाही आणि येईल असं वाटत नाही, कारण साध्या प्रश्नाचं उत्तर लोकांना तिथंच मिळतं. पण जे फोन करतात ते अर्धं वाचून आलेले असतात, थेट विचारतात की राजापुरी हळकुंड आहे का, पाच किलो कुरिअरला किती लागतील. गेल्या महिन्यात एआयमधून नाव कळलं असं सांगणारे अकरा जण होते, त्यातल्या नऊ जणांनी माल घेतला. एजन्सीचे पैसे धरले तर अजून तोट्यात आहे, नुसती वही धरली तर फायद्यात.

सध्या बेदाण्याच्या शेडवरचं पान करतेय, रॅकवर द्राक्षं टाकण्यापासून सौद्यापर्यंत. तासगावच्या एका ओळखीच्या शेतकरी काकांनी शेडवर बोलावलंय, रविवारी वही घेऊन जाणार आहे.