जुन्या फोर-बाय-फोरची कूलंट गळती आणि हाताचा प्रेशर टेस्टर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

गाडी जुनी आहे. लॅडर फ्रेमवरची डिझेल फोर-बाय-फोर, इंजिन अजून दणकट, पण पाणी खायची. खाली थारोळं नाही, होज पाइपवर ओघळ नाही, तरी रिझर्व्ह टाकीतली पातळी हळूहळू उतरत राहायची. अशा गाड्यांचे बरेच मालक डिकीत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, कॅन ठेवतात आणि लागेल तसं ओतत राहतात. मला ते पटत नाही. पातळी फार खाली गेली की तापमानाचा सेन्सर कूलंटमधून उघडा पडतो, आणि उघड्या सेन्सरमुळे काटा चक्क कमी तापमान दाखवू शकतो. इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा भाग) जळायच्या बेतात असताना डॅशबोर्डवर सगळं आलबेल दिसतं. म्हणून गळती शोधायचीच असं ठरवलं आणि कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर घेतला. बरेच महिने वापरल्यावर सांगतो: जुन्या ऑफ-रोड गाडीसाठी घेतलेल्या हत्यारांमध्ये इतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

वस्तू साधी आहे. हाताने मारायचा छोटा पंप, त्यावर दाबाचं गेज, एक नळी आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारे वेगवेगळ्या मापांचे अडॅप्टर. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, अडॅप्टर बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरायचा. त्याहून जास्त अजिबात नाही. मग दहा-पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला तर पाणी किंवा हवा कुठून तरी निसटते आहे. गरम इंजिनवर झाकणाला हात लावू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पुन्हा सांगतो, कारण दाब सुटला की आतलं कूलंट क्षणात उकळून अंगावर येतं.

थंड इंजिनवर तपासण्याचं आणखी एक कारण आहे. बारीक झिरप गरम धातूवर लगेच वाळून जाते, मागे फक्त पांढरट किंवा हिरवट खरड उरते. शिवाय काही सांधे गरम झाल्यावर फुगून आपोआप बंद होतात आणि गाडी थंड झाली की रबर आकसून पुन्हा झिरपू लागतात. चालत्या गाडीत अशी गळती दिसणारच नाही. टेस्टर इंजिन सुरू न करता कामावेळचा दाब तयार करतो, आणि आपण टॉर्च घेऊन निवांत खाली शिरू शकतो.

दाब टिकणं इतकं महत्त्वाचं का, हेही सांगायला हवं. समुद्रसपाटीला साधं पाणी 100 अंशांना उकळतं. 15 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) झाकणाखाली तेच साधारण 121 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि इथिलीन ग्लायकॉल व पाण्याचं अर्धं-अर्धं मिश्रण असेल तर जवळजवळ 129 अंशांपर्यंत. गळतीमुळे दाबच धरला गेला नाही तर ही सगळी सवलत जाते. सपाट रस्त्यावर वेगात जाताना वारा रेडिएटर थंड ठेवतो, त्यामुळे हे जाणवत नाही. लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या हळू गिअरमध्ये, दगडांवरून रांगत चढताना मात्र इंजिनवर पूर्ण भार, गाडीला वेग नाही, जाळीत चिखल आणि हवा ओढायला एकटा पंखा. हमरस्त्यावर महिनोन्महिने निभावलेली गळती तिथे पहिल्याच चढाला गाडी उकळवते.

पहिल्या तपासणीत वरच्या होजच्या क्लिपजवळ ओल दिसली. ऑफ-रोड गाडीत हे साहजिक आहे. रेडिएटर चासीला बसवलेला, इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलणारं, आणि चाकं वरखाली होत चासी पिळली जाते तेव्हा त्या दोघांमधला सगळा ताण होज पाइपच सोसतो. स्क्रूने आवळायची साधी क्लिप एकदा घट्ट केली की तिथेच राहते, रबर कडक होऊन बसलं तरी तिला त्याचा पत्ता नसतो. मी सगळ्या मोठ्या जोडांवर स्प्रिंगच्या, कायम सारखा ताण ठेवणाऱ्या क्लॅम्प बसवल्या. होजही नवे टाकले, कारण जुने चिमटीत दाबल्यावर आतून करकरत होते.

त्यानंतर जे झालं त्याची तयारी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने ठेवावी. होज दुरुस्त झाले, सिस्टिम बऱ्याच काळाने पुरता दाब धरू लागली आणि वॉटर पंप गळायला लागला. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. आतला सील गेला की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे ओघळ दिसला की भोक बुजवायचं नाही, पंप बदलायचा. आधीच्या गळतीतून दाब निघून जात असल्यामुळे या सीलवर कधी पूर्ण भार आलाच नव्हता. दुरुस्तीने काही बिघडवलं असं नाही, दुसरी कमकुवत जागा उघडी पडली एवढंच. मेकॅनिकवर रागावण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

तिसरी जागा सगळ्यात जास्त छळणारी निघाली. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे खालून थेंब येत होता. तेलाचा मागचा सील गेला असणार, हा जवळपास प्रत्येकाचा पहिला तर्क. दाब भरून ठेवला आणि कूलंटमध्ये टाकलेल्या रंगद्रव्यावर अतिनील दिवा मारला, तेव्हा इंजिन ब्लॉकच्या मागच्या अंगाला चमकणारी रेघ दिसली. वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकमधलं भोक बंद करणारं झाकण, आतून गंजला होता. पातळ पत्र्याची ही झाकणं कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपली की आतून खात जातात आणि बाहेरून अगदी धड दिसतात. मागच्या प्लगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. तो उतरवलेला असतानाच क्लच तपासून घेतला आणि शेजारचे प्लगही बदलले. एवढं काम उघडल्यावर फक्त गळका प्लग बदलून परत बंद करणं मला तरी पटत नाही.

रंगद्रव्य आणि दिवा उपयोगी आहेत, पण एक पथ्य पाळा. बऱ्याच हिरव्या कूलंटमध्ये चमकणारा रंग मुळातच असतो. आधी टाकीतल्या थेंबावर दिवा मारून पाहा, तो चमकत असेल तर वेगळं काही ओतायची गरज नाही. चिखलातून आलेली गाडी खालून नीट धुऊन, वाळवूनच तपासा, नाहीतर जुने डाग नव्या गळतीसारखे दिसतात.

टेस्टरच्या मर्यादाही आहेत. गाडी सपाट उभी करून केलेली चाचणी चासी पिळल्यावर उघडणारा सांधा दाखवेलच असं नाही. मी एक चाक उंचवट्यावर चढवून तीच चाचणी परत केली, तेव्हा काटा किंचित सरकू लागला, गळती रेडिएटरच्या खालच्या होजजवळ होती. दुसरं म्हणजे काटा उतरतो पण बाहेर कुठे ओल नाही, अशी वेळ येते. तेव्हा पाणी आत कुठे तरी जात असतं. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पायाखालचा गालिचा ओला असेल तर हीटर कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर). डिपस्टिकवर दुधाळ तेल, किंवा थंड इंजिन सुरू केल्या केल्या होज दगडासारखे कडक होत असतील तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधला सील). त्यासाठी निळ्या द्रवाची वेगळी चाचणी असते. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर त्या द्रवाचा रंग बदलतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याचं तेल थंड करणारी नळी बऱ्याचदा रेडिएटरच्याच टाकीत असते. ती आतून फुटली तर कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं, म्हणून ते तेलही पाहावं.

तक्रारी किरकोळ आहेत. गेज 30 पीएसआयच्या पुढपर्यंत आखलेलं आहे, त्यामुळे 7 पीएसआयच्या झाकणाच्या फार जुन्या गाडीत काट्याची बारीक घसरण ओळखणं जड जातं. अडॅप्टरची रबरी वॉशर सुकली की टेस्टर स्वतःच गळतो आणि आपण गाडीत नसलेली गळती शोधत बसतो, म्हणून तपासणीआधी त्या वॉशरना थोडं कूलंट लावून घेतो. उन्हात तापणाऱ्या बंद सिस्टिममध्ये दाब आपोआप वाढतो, तेव्हा काटा स्थिर राहायला हवा असेल तर गाडी सावलीत उभी करा.

संचातल्या दुसऱ्या अडॅप्टरवर रेडिएटरचं झाकण तपासता येतं आणि ते कोणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. झाकणात दोन वाल्व असतात. एक ठरलेल्या दाबाला उघडून जास्तीचं कूलंट टाकीत सोडतो, दुसरा इंजिन थंड होताना ते परत ओढून घेतो. पहिल्याची स्प्रिंग ढिली झाली तर कुठेही गळती नसताना पाणी टाकीतून बाहेर उतू जातं. दुसरा अडकला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. इतका स्वस्त भाग बदलून हा सगळा घोळ मिटतो.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव ओतू नका. जंगलात अडकलेल्या गाडीला घरी आणण्यापुरतं ठीक. पण ते द्रव्य गळती कुठे आहे हे ओळखत नाही, ते अरुंद वाट दिसेल तिथे बसतं, आणि हीटर कोरच्या व रेडिएटरच्या नळ्या अरुंदच असतात. भरायचं कूलंट एकाच प्रकारचं, डीमिनरलाइज्ड पाण्यात मिसळलेलं. रंग सारखा म्हणून दोन वेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र करू नये. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं.

सध्या काटा चाचणीभर जवळपास जागचा हलत नाही. राहिला आहे तो रेडिएटर. त्याची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या गाभ्याला दुमडलेल्या पत्र्याने धरलेली आहे, मध्ये रबरी पट्टी आहे, आणि त्या कडेला दाबाखाली बारीक घाम येतो. ती पट्टी दाबून बसवण्यात अर्थ नाही. पूर्ण धातूचा रेडिएटर सांगितला आहे. तो येईपर्यंत खोल पाण्यात गाडी घालणं बंद, कारण पाण्यात फिरणारा पंखा पुढे ओढला जाऊन रेडिएटरच्या गाभ्यालाच घासू शकतो, आणि आधीच कमकुवत झालेल्या या रेडिएटरला तेवढं पुरेल.