लघुउद्योगांसाठीची ‘प्री-पॅक’ दिवाळखोरी प्रक्रिया: एका कर्जदाराचे परीक्षण

2021 च्या एप्रिलमध्ये अध्यादेशाने आणि पुढे त्याच वर्षी कायद्यातील दुरुस्तीने, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी ‘प्री-पॅक’ ही, म्हणजे अर्ज करण्यापूर्वीच धनकोंशी (पैसे येणे असलेल्यांशी) बोलणी करून ठेवण्याची, वेगळी दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी छोटी खासगी कंपनी मी चालवतो. आपल्यावर वेळ आली तर ही सोय कितपत उपयोगी पडेल आणि तिच्यामुळे आज मिळणारे कर्ज स्वस्त होते का, हे दोन प्रश्न मनात ठेवून मी तिच्या तरतुदी वाचल्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे समाधानकारक आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील नेहमीच्या प्रक्रियेत अर्ज दाखल करून घेतला गेला, की संचालक मंडळाचे अधिकार निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे प्रक्रिया चालवायला नेमलेल्या बाहेरच्या माणसाकडे, जातात, आणि मालकाच्या शब्दावर चालणाऱ्या कारखान्याची गिऱ्हाइके तेवढ्यानेच पांगू शकतात. प्री-पॅकमध्ये कारभार मालकाकडेच राहतो, किमान 10 लाख रुपयांची थकबाकी अर्जाला पुरते आणि 120 दिवसांची मुदत घातलेली आहे. पुरवठादारांची देणी मालकाच्या कर्जफेडीच्या आराखड्यात पूर्ण भागवली जात असतील, तर वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे कर्ज देणारे, तो आराखडा थेट मंजूर करू शकतात. पुरवठादारांच्या देण्यांना कात्री लावली, तर मात्र इतरांचे प्रस्ताव मागवावे लागतात. मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण उधारीवर माल देणारा पुरवठादार हाच लहान कारखान्याचा पहिला कर्जदाता असतो.

अडचण उंबरठ्यावरच आहे. मूळ तरतुदीनुसार अर्जापूर्वीच, कंपनीशी संबंधित नसलेल्या वित्तीय धनकोंपैकी, कर्जाच्या मूल्याने 66 टक्क्यांची संमती लागते. त्यामुळे बँकेशी बोलणे तुटेपर्यंत थांबलेल्या मालकाला ही वाट बंदच होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निराशा करणारे आहे. आमची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढली तेव्हा सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेला कागदांचा गठ्ठा समोर आला, आणि त्यातील वैयक्तिक हमीपत्रावर माझ्याबरोबर पत्नीचीही सही घेतली गेली. कंपनीला मिळणारे वसुली-स्थगितीचे संरक्षण अशा जामीनदाराला मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीचा आराखडा मंजूर झाला म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे 2021 च्या निकालाने सांगितले. म्हणजे कंपनी वाचली तरी घर वाचेलच असे नाही. ही भीती असेल तर नेकीने धंदा करणारा माणूसही गरजेपेक्षा कमी कर्ज उचलतो, किंवा अडचण लपवून बाहेरून महाग व्याजाने पैसे आणतो.

शिवाय ही सोय कंपन्या आणि एलएलपींपुरतीच (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांपुरतीच) आहे. एकल मालकीच्या आणि साध्या भागीदारीच्या असंख्य व्यवसायांसाठी 1909 आणि 1920 चे जुनेच दिवाळखोरी कायदे उरतात, आणि बुडीत कर्जातून काय व कधी हाती लागेल याचा अंदाज नसलेली बँक एकतर तारण मागते, नाहीतर व्याज चढे ठेवते. बँकेला कर्जाची हमी देणाऱ्या, 2000 साली सुरू झालेल्या पतहमी योजनेने तारणाचा भार हलका होतो, पण हमी शुल्क शेवटी बहुधा कर्जदाराच्याच माथी पडते.

कंपनी असलेल्यांना मी ही प्रक्रिया सुचवेन, पण पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच बँकेशी बोलणी सुरू करण्याच्या अटीवर. आमच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हमीपत्रात रकमेची कमाल मर्यादा लिहून घ्यावी आणि पत्नीचे नाव वगळावे, अशी लेखी मागणी मी करणार आहे.