अभ्यंगाचं पॅकेज: ६० मिनिटांत हात किती मिनिटं?

आयुर्वेदिक केंद्रात घेतलेलं अभ्यंगाचं, म्हणजे अंगाला तेल लावून मालिश करण्याच्या सत्रांचं, पॅकेज संपत आलं आणि केंद्राने वाढीव दराचं नवं पुढे केलं, म्हणून सविस्तर लिहितोय. थेरपिस्टचे हात उत्तम, तेलही चांगलं. तक्रार घड्याळाची आहे.

दरपत्रकावर ‘६० मिनिटं’ असतं. कपडे बदलणं, तेल कोमट होईपर्यंत थांबणं, १० मिनिटांची वाफ आणि अंघोळ हे सगळं त्यातच धरतात. अंगावर हात फिरतो जेमतेम ३५ मिनिटं. त्यात पाय, हात, पोट, डोकं उरकायचं, मग पाठीच्या वाट्याला येतात ८-१०. खवाट्यांच्या मधली गाठ सैल व्हायलाच तेवढा वेळ लागतो. दोष थेरपिस्टचा नाही. तासाला एक गिऱ्हाईक लावलं की चादर बदलण्याचा वेळही आपल्याच तासातून जातो. बुकिंग करतानाच विचारा, ‘वाफ-अंघोळ सोडून मालिश किती मिनिटं?’ आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी सर्वांगाऐवजी नुसती पाठ-मान-खांदे करून घ्यावेत. पैसे वाचतात आणि दुखतं तिथे हात जास्त वेळ राहतो.

वाफेबद्दल मात्र मत बदललं. आधी ती वेळकाढू वाटायची. पण वाफेनंतर तेल चटकन निघतं आणि आखडलेली कंबरही सैलावते. फक्त ती मालिशच्या वेळेतून कापू नये. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वाफेच्या पेटीतून सावकाश उठा, चक्कर येऊ शकते. मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर वाफ नकोच, भाजलेलं कळत नाही.

सर्वांगाला साधारण १०० मिली तेल पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट केलेलं असावं. आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून घ्या. झोपण्याआधी चादर हुंगा. खवट वास आला तर धुताना जुनं तेल निघालेलं नाही, दुसरी मागा.

लाकडी द्रोणीला, म्हणजे मालिशसाठी झोपवतात त्या टेबलाला, बहुधा तोंडासाठी भोक नसतं. पालथं झोपलं की मान एका बाजूला वळून राहते आणि मालिश करून उलट मानच आखडते. दर ५ मिनिटांनी बाजू बदला, घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी घ्या.

मणक्याच्या हाडावर थेट दाब नको. मान कडकन मोडून द्यायला कुणी निघालं तर साफ नाही म्हणा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर मालिश रद्द करून आधी डॉक्टर गाठा, आत रक्ताची गुठळी असू शकते. ताप असेल तर जाऊच नका. गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग नको.

नवं पॅकेज घेत नाही, सुटी सत्रंच घेणार. तुम्हाला घ्यायचंच असेल तर मुदत किती, किती तास आधी रद्द केलं तर सत्र बुडत नाही आणि उरलेली सत्रं घरातल्या दुसऱ्या कुणाला चालतील का, हे पावतीवर लिहून घ्या.