परसातलं पावसाचं पाणी: मुरवायचं, काढून द्यायचं की साठवायचं?

इंदुरात जुन्या वाड्याचं परस असो की सुदामा नगरातल्या बंगल्यामागची अरुंद पट्टी, जुलै-ऑगस्टमधली तक्रार ठरलेली: पाणी तुंबतं, चिखल होतो, जास्वंदीची मुळं कुजतात. मग एकजण शोषखड्डा सुचवतो, दुसरा म्हणतो पाइप टाकून मोकळे व्हा, आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर कमळाचं तळं दाखवतं. पर्याय सगळेच चांगले, पण आपल्या काळ्या मातीत सगळेच चालत नाहीत.

ही माती ओली झाली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात आणि पाणी वरच अडून राहतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मे महिन्यात खड्डा करून बादली ओतली आणि पाणी गडप झालं, तर खूश होऊ नका. ते भेगांत गेलं. चाचणी पावसाळ्यात घ्या. फूटभर खोल खड्डा भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दिवसभरात किती इंच उतरलं ते पट्टीने मोजा. खर्च करण्याआधी हा आकडा हातात हवा.

शोषखड्ड्याची शिफारस सर्रास होते, पण त्याचं यश खाली काय लागतं यावर आहे. काळ्या थराखाली मुरूम लागला तर उत्तम. पाच-सहा फुटांवरही चिकण काळीच असेल, तर विटांचे तुकडे आणि गिट्टी भरलेला तो खड्डा म्हणजे झाकलेली टाकी, पहिल्या झडीतच भरून जाते. भिंतीपासून निदान दहा फूट लांब ठेवा, कारण पायाजवळची माती फुगली-आकसली की भिंतीला तडे जातात. आणि अंगणातलं गढूळ पाणी बोरिंगमध्ये कधीच सोडू नका. तिथे फक्त छपराचं, तेही गाळून.

जाळीदार पाइप आणि गिट्टीचा चर लवकर काम करतो, अट एवढीच की उताराला पाणी बाहेर सोडायला जागा हवी. गटाराच्या चेंबरला जोडणं सोपं वाटतं, पण जोराच्या पावसात तेच पाणी मोरीतून घरात उलटं येतं. बागेतल्या जिवांना चराचा उपयोग शून्य.

आता उथळ खळगा आणि तळं, खरी निवड इथे आहे. खळगा म्हणजे बशीसारखी सखल जागा. छपराचं पाणी तिथे येतं, दोन दिवसांत मुरतं, बाकीचे दिवस ती नुसती बाग असते. खोली किती? दोन दिवसांत चाचणीच्या खड्ड्यात जेवढं उतरलं, त्याहून थोडी कमी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इंचभर पाऊस पडला की सुमारे 2,300 लिटर पाणी होतं; सहा इंच खोल खळग्यात ते मावायला 165 चौरस फूट जागा लागेल. एवढी क्वचितच असते, म्हणून गच्चीचा एकच पाइप इकडे वळवा. लावायला कर्दळ आणि वाळा. दोघांना ओल सोसते, कोरडही.

दोन दिवसांचा आग्रह डासांमुळे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे पाणी एक तर झटपट मुरावं, नाहीतर माशांसकट बारमाही राहावं. आठवडा-पंधरवडा रेंगाळणारं डबकं सगळ्यात वाईट: डास वाढून उडून जातात आणि बेडकांची पिल्लं पाय फुटायच्या आधी कोरड्यात मरतात.

म्हणजेच खळग्यात बेडूक येतील, किडे खातील, पण पिढी वाढणार नाही. ती हवी असेल तर तळंच. दोन फूट खोल, एक बाजू उतरती, म्हणजे आत पडलेली खार बाहेर येईल आणि सातभाईंना आंघोळ करता येईल. सिमेंटचं नको, माती आकसली की त्याला तडे जातात. शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, खाली दोन इंच वाळू. मग चतुर आपोआप येतात, त्यांच्या अळ्या पाण्यात डासांच्या अळ्या खातात. मासे मात्र विचारपूर्वक. गप्पी डास आवरतात, पण डासांसाठीच सोडला जाणारा दुसरा मासा, गम्बुसिया, बेडकांच्या पिल्लांचे लचके तोडतो. बेडूकच हवेत तर मासे न सोडता बीटीआय या जिवाणूची पावडर वापरा. ती डासांच्या अळ्या मारते, बेडकांच्या पिल्लांना अपाय करत नाही.

तळ्याचा खरा हिशेब मे महिन्यात कळतो. रोज जवळपास सेंटीमीटरभर पाणी उडतं. दोन बाय तीन मीटरच्या तळ्यातून हे झाले 60 लिटर. जलूदहून उपसून, डोंगर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी त्यात ओतणं मला तरी पटत नाही. पावसाचं टाकीत साठवलेलं असेल तरच करा. घरात रांगतं मूल असेल तर अजून तीन-चार वर्षं थांबा.

आणि साप. बेडूक आले की दिवड येते, ती बिनविषारी. कधी नागही येतो. बेडूक हवेत, साप नको, असा सौदा होत नाही. विटांचा ढीग आणि लाकूडफाटा पाण्यापासून दूर ठेवला की धोका कमी होतो. देशी कासव आणून सोडायचा मोह कायद्याने बंद आहे.

माझा कौल: दिवसात तीन इंच तरी पाणी उतरत असेल तर खळगा, आणि त्याच्या शेजारी कुमुद लावलेली, चार गप्पी सोडलेली एक मोठी नांद. त्याहून कमी उतरत असेल आणि बाहेर उतार असेल तर चर. तळं फक्त ज्यांच्याकडे साठवलेलं पाणी आणि दर आठवड्याला शेवाळ काढायला माणूस आहे त्यांनी. काहीही निवडा, भरल्यावर उरलेलं पाणी कुठून बाहेर पडेल ती वाट खोदण्याआधीच आखा, आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाणारी नसावी.